घार्गे विरुद्ध फडतरे

"घार्गे विरुद्ध फडतरे," शिपायाने पुकारलं, आणि मी पदर सावरून अशी तोऱ्यात उठले की जणू मला बक्षीस घ्यायलाच बोलावलं होतं.

तालुक्याच्या कोर्टात त्या दिवशी लोकअदालत होती. साक्षीदाराचा पिंजरा नाही, उंच खुर्ची नाही. एका लांबलचक खोलीत सहा टेबलं मांडलेली, प्रत्येक टेबलामागे तडजोड घडवून आणायला बसलेली तीन माणसं, आणि समोर भांडणाऱ्या दोघांसाठी प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या, त्याही एकमेकींना चिकटून. मी माझी खुर्ची वीतभर लांब सरकवली आणि मग बसले. मंदाने ते पाहिलं आणि मान खाली घातली.

आमच्या टेबलाशी मधोमध एक निवृत्त न्यायाधीश होते, कानात यंत्र घातलेले. त्यांच्या एका हाताला एक तरुण वकील लिहून घेत होता, दुसऱ्या हाताला मुलींच्या शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका निकमबाई बसल्या होत्या. माझे वकील मुल्लासाहेब माझ्या पाठीशी उभे होते. मंदाच्या पाठीशी कोणी नव्हतं. पिठाची गिरणी बंद करून ती तशीच धावत आली असावी, कारण भुवयांत अजून पीठ दिसत होतं.

"पस्तीस हजार," न्यायाधीश कागद वाचत म्हणाले. "हातउसने घेतलेले. चिठ्ठी आहे. ही सही तुमचीच ना, फडतरेबाई?"

"व्हय," मंदा म्हणाली.

"मग भांडण कशाचं आहे?"

मंदा हाताला लागलेलं पीठ चोळत राहिली. मला आतून बरं वाटलं. आज वीस वर्षांनी सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला फार बरं वाटलं होतं.

मंदा आणि मी शिवणक्लासातल्या मैत्रिणी. योगायोगाने एकाच गावात पडलो. मी बाजारपेठेत एक गाळा भाड्याने घेऊन ब्लाउज, फॉल, पिको सुरू केलं. तिचा नवरा ट्रक अपघातात गेला तेव्हा तिचा मुलगा चौथीत होता. तीन वर्षं तिने इकडे-तिकडे राबून काढली, आणि मग आळीतला गिरणीवाला मुलाकडे पुण्याला निघाला. गिरणी विकायची होती. मंदाने दागिने मोडले तरी पस्तीस हजार कमी पडत होते. मी पोस्टातून काढून दिले. ब्लाउजला पंचवीस रुपये शिलाई मिळायची त्या काळातले ते पैसे. म्हणजे किती ब्लाउज, ते तुम्हीच बघा.

आमचे हे पतसंस्थेत वसुलीला होते. चिठ्ठी लिहून घे, असं ह्यांनीच सुचवलं. पैसे मिळाले एवढं मंदाने लिहून दिलं; वर्षात फेडीन, असं तोंडी म्हणाली.

वर्ष होत आलं, पण मैत्रिणीकडे पैसे मागायला माझी जीभ रेटेना. दिवसभर गिऱ्हाइकांशी रुपया-रुपयावरून भांडणारी मी, पण मंदापुढे तोंड उघडेना. म्हणून मी ह्यांना म्हटलं, तुमचं तर कामच वसुलीचं, तुम्हीच बघा. दर एक तारखेला हे दळणाचा डबा सायकलला लावायचे आणि गिरणीवर जायचे. बायकोचं दळण नेणारा आमच्या आळीत हा एकच पुरुष, आणि मी ते चारचौघींत मिरवायचे. परत आले की सांगायचे, "म्हणते, पुढच्या महिन्यात बघते." पुढच्या महिन्यातही तेच. शेवटी शेवटी म्हणायला लागले, "सोड गं. विधवा बाई, कुठून देणार?"

"तुमच्या पतसंस्थेत सोडता का असं?" मी विचारायचे. हे हसायचे.

कदाचित मी सोडलंही असतं. पण त्या वर्षी आषाढात गाळ्याच्या मालकाने मला बोलावून घेतलं. दिवाळीपर्यंत चाळीस हजार अनामत भरा, नाहीतर मोबाईलवाला पोरगा तयार आहे, म्हणाला. चौदा वर्षं मी त्या गाळ्यात बसत होते. दोन पोरी माझ्याकडे शिकून कमवायला लागल्या होत्या. गाळा गेला असता तर मी मशीन घेऊन परत स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, चुलीवर एक डोळा आणि सुईवर एक. ते मला नको होतं. पाच हजार माझ्यापाशी होते आणि पस्तीस मंदाकडे.

मग मी स्वतःच गिरणीवर गेले. दळणाला आलेल्या चार बायका रांगेत होत्या. मी त्यांची भीड धरली नाही. "दुसऱ्याचं घेऊन बसायला लाज कशी वाटत नाही तुला?" मी म्हणाले. "माझं आहे ते मला परत दे." गिरणी चालूच होती. मंदाचा हात तसाच राहिला आणि धान्य संपून जाती मोकळीच फिरायला लागली, तरी तिला कळलं नाही. खाली बघत ती एवढंच म्हणाली, "प्रभा, हितं नको." खरी असती तर बोलली असती, असा मी हिशेब केला. मग आळीभर सांगत सुटले की मंदा फडतरे लबाड आहे, हिच्याशी व्यवहार करू नका. दोन-तीन घरांनी तिच्याकडे दळण टाकणं बंद केलं, तेही माझ्या सांगण्यावरून.

ह्यांना न विचारता मी मुल्ला वकिलांकडे गेले. त्यांनी चिठ्ठीची तारीख बघून कपाळावर हात मारला. "आणखी दोन महिने थांबला असतात तर मुदत गेली असती, बाई. कायद्याने काही करता आलं नसतं." नोटीस गेली, उत्तर नाही. दावा टाकला.

समन्स निघाल्यावर ह्यांना कळलं. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. "कोर्टाची पायरी? मला विचारलंस तरी का?" दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "दावा मागे घे. थोडे थोडे करून मी माझ्या खिशातून देतो तुला." माझा घास हातातच राहिला. परक्या बाईचं कर्ज स्वतःच्या खिशातून फेडायला निघालेला माणूस मला नवरा म्हणून मिळाला, असं वाटून माझे डोळे भरून आले. पण मी म्हटलं, "तुम्ही का म्हणून? घेतले तिने, देईल ती."

असं सगळं करून मी त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर येऊन बसले होते.

"हे बघा," न्यायाधीश म्हणाले, "दावा चालवत बसलात तर तारखा पडत राहतील. त्यापेक्षा आज इथं हप्ते ठरवून टाका."

"महिन्याला किती जमेल तुम्हाला?" निकमबाईंनी मंदाला विचारलं. "हजार? दीड हजार?"

"हजाराने मला तीन वर्षं लागतील," मी मध्येच म्हणाले. "मला दिवाळीच्या आत पाहिजेत. माझा गाळा जाईल."

"मग निकाल घ्या आणि जप्ती आणा गिरणीवर," तरुण वकील लिहिता लिहिता सहज बोलला. त्याला दिवसभरात असे चाळीस दावे उरकायचे होते.

मंदाने झटकन मान वर केली. "गिरणीवर?"

"चिठ्ठी तुमची, सही तुमची. पैसे दिले नाहीत तर गिरणीवरच येणार ना?"

"पन मी फेडल्यात," मंदा म्हणाली.

मला हसूच आलं. तीन वर्षं गप्प बसून हे उत्तर शोधलं होतं तर. "साहेब, एक रुपया माझ्या हातात आलेला नाही," मी म्हणाले. "हिला सांगू दे, कधी दिले ते."

"फेडल्यात. समदे." तिचा आवाज फाटला. "मी ह्यांच्याकडं दिल्यात की. दिवाळीच्या आधी वीस, संक्रांतीला पंधरा."

"कोणाकडे?" न्यायाधीशांनी कानातलं यंत्र नीट बसवलं.

"मिस्टरांकडे म्हणतायत." तरुण वकिलाने कागद उलटला. "पण फडतरेबाई, तुमचे मिस्टर वारले त्याला सहा वर्षं झाली ना? चिठ्ठी तर तीन वर्षांपूर्वीची आहे."

मंदाचं तोंड उघडं राहिलं. मग तिचा हात तोंडावर गेला. 

"म्हंजी," ती म्हणाली, "हिच्या मिस्टरांकडं."

"मग असं नीट सांगा की." तो लिहायला लागला. रक्कम वादीच्या पतीकडे दिली असं प्रतिवादी सांगते. त्याच्या दृष्टीने घोटाळा मिटला होता. "पावती घेतलीत का काही?"

मला पुढचं काही ऐकू आलं नाही.

आमच्याकडे बाई 'हे' म्हणते ते एकाच माणसाला. दीर असेल तर भावजी, मैत्रिणीचा नवरा असेल तर दादा, साहेब, तुझे मिस्टर, काहीही. 'हे' म्हटलं की पुढे नाव लागत नाही, कारण त्यात दुसरा कोणी बसतच नाही. माझ्या घरी येऊन माझ्या हातचा चहा पिताना मंदा माझ्या नवऱ्याला दादा म्हणायची. आणि 'ह्यांच्याकडं' हा शब्द काही एका दिवसात जिभेवर बसत नाही. मला बसायला लग्नानंतर सहा महिने लागले होते. घाबरली असताना, विचार न करता, तो तिच्या तोंडातून असा सहज आला की जणू ती रोजच म्हणत होती.

मी चुकीचं ऐकलं असेन, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. मग माझी नजर निकमबाईंवर गेली. त्यांनी चष्मा काढून हातात धरला होता. त्या मंदाकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. त्या टेबलाशी पुरुष तीन होते, मुल्लासाहेब धरून, आणि तिघांनाही काही कळलं नव्हतं. बायका तीन होत्या आणि तिघींनाही कळलं होतं.

मला रडू आलं नाही.  समोर कोणाचा तरी चहाचा कप होता, तो मी उगाच उचलला आणि परत ठेवला.

"साहेब, ह्यांना दहा मिनिटं द्या," निकमबाई म्हणाल्या. "बाहेर बसून बोलू द्यात दोघींना."

व्हरांड्यात बाक होता. मंदा बसली. मी उभीच राहिले.

"हे?" मी म्हणाले. मला तेवढंच सुचलं.

"तोंडातनं गेलं."

"कधीपासून?"

"प्रभा..."

"कधीपासून, मंदा?"

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "गिरणी घेतली त्याच्या फुडच्या उन्हाळ्यापासनं. पट्टा तुटला हुता. मला बसवाया येईना. त्यांनी बसवून दिला." मग ती म्हणाली, "तूच धाडायचीस त्यांना. दर एक तारखेला."

 डबा मी भरून द्यायचे, पिशवीही मीच द्यायचे.

"आणि पैसे?"

"पोराच्यान सांगते, दिल्यात. म्हनले, तिला मी देतो. मला वाटलं तुला पोचले."

"पोचले? मग मी गिरणीवर आले तेव्हा का नाही बोललीस? चार बायकांसमोर मी तुला नाही नाही ते बोलले."

मंदाने माझ्याकडे पाहिलं. त्या दिवसात पहिल्यांदाच तिने माझ्या डोळ्यांना डोळा दिला, आणि तिच्या चेहऱ्यावर नुसतं आश्चर्य होतं.

"तू पैशाचं बोलत हुतीस व्हय?" ती म्हणाली. "दुसऱ्याचं घिऊन बसलीस म्हनलीस. माझं मला परत दे म्हनलीस. मला वाटलं तुला कळलं. दारावरनं जाताना तोंड फिरवायचीस, तवाबी वाटलं कळलंय. काय बोलनार मी? मान खाली घातली. नोटीस आली तवा कळलं की तू पैशाला आलीवतीस."

मी बाकाच्या पाठीला धरलं.  आळीभर मी तिला लबाड म्हणत फिरले, ती चुपचाप ऐकत राहिली, आणि आम्ही दोघी दोन वेगळ्याच गोष्टींवर भांडत होतो.

"नोटिशीनंतर तरी सांगायचंस."

"त्यांना इचारलं मी. म्हनले, खर्च झाले, भरून टाकतो. तू गप बस, न्हाईतर समदंच निघंल. आजबी म्हनले, जाऊ नको कोर्टात." तिने डोळे पुसले तसं पीठ गालावर पसरलं. "पैसे बुडवले म्हनून लोक नावं ठेवत्यात ते परवडलं मला. हे नसतं परवडलं."

मला तिची दया आली असं मी म्हणणार नाही. त्या क्षणी तिच्या थोबाडीत द्यावी असं वाटत होतं, आणि हात उचलला गेला असता तर मी दिलीही असती. पण त्याहून जास्त एक गोष्ट मला पोखरत होती. माझ्या खिशातून देतो, असं तो जेवताना म्हणाला होता. त्याच्या खिशात माझेच पैसे होते. ते मला उपकार म्हणून थोडे थोडे परत मिळणार होते आणि त्यावर माझे डोळे भरून आले होते.

"जप्ती ईल का गं?" मंदाने हळूच विचारलं. "पोरगं दहावीला हाय."

मी आत गेले.

खुर्चीवर बसण्याआधीच मुल्लासाहेब माझ्या कानाशी वाकले. "पावती नाही तिच्याकडे," ते पुटपुटले. "चिठ्ठी आपल्या हातात आहे. तुम्ही फक्त नाही म्हणा. दावा तुमचा झालाच समजा." ते खरं होतं. मी नुसती मान हलवली असती तरी गाळा माझा राहिला असता. गिरणी गेली असती, मंदा गावातून गेली असती, आणि हे का झालं ते मी घरात बसून मनातल्या मनात ठेवलं असतं. तसा विचार मी केला. किती वेळ केला ते आठवत नाही, पण निकमबाईंनी दोनदा विचारलं, "घार्गेबाई, तुमचं म्हणणं काय?"

"तिने पैसे फेडलेत," मी म्हणाले. "सगळे. माझ्या नवऱ्याने घेतले. वसुलीला मीच त्याला पाठवला होता."

'त्याला' म्हणाले ते माझं मलाच ऐकू आलं.

"मग झालं तर," न्यायाधीश मोकळेपणाने हसले. "एवढ्यासाठी कोर्टात आलात? आता राहिलेला हिशेब घरातल्या घरात करा." तरुण वकीलही हसला. निकमबाई हसल्या नाहीत. त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि सही कुठे करायची तिथे बोट ठेवलं. दावा निकाली, तक्रार नाही. मंदानेही सही केली. जाताना ती माझ्यापाशी घुटमळली. मी तिच्याकडे पाहिलं नाही आणि आजपर्यंत पाहिलेलं नाही. पण आळीतल्या त्या दोन-तीन घरी मी दुसऱ्याच दिवशी गेले आणि सांगितलं की मंदाने पैसे फेडले होते, चूक माझी होती. ते मला सांगायलाच हवं होतं.

मुल्लासाहेब भयंकर चिडले होते. बाहेर आल्या आल्या ते सुरू झाले. "हातातला दावा घालवलात, बाई. मी सांगत होतो ना तुम्हाला? आता गाळ्याचं काय करणार?"

"लोकअदालतीत मिटलं की कोर्ट फी परत मिळते ना?" मी विचारलं.

"मिळते. पण तिचं काय?"

"ती तुमच्याकडेच ठेवा. दुसरी नोटीस काढायची आहे."

"आता कोणाला?"

"ज्याच्याकडे माझे पस्तीस हजार आहेत त्याला."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग हळूहळू त्यांच्या तोंडावरचा राग उतरला.  टायपिस्टच्या टेबलाशी एक स्टूल होतं, ते ओढून मला बसायला दिलं.

"घार्गेबाई, घरी जा," ते म्हणाले. "घोटभर पाणी प्या. उद्या सकाळी या, मग बघू."

"आजच."

"बरं." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "नाव ठाऊक आहे मला."

"असू दे. मी सांगते, तुम्ही लिहा."

लग्नातल्या उखाण्यानंतर एकोणीस वर्षांत ते नाव मी तोंडाने उच्चारलं नव्हतं. रेशनकार्डाच्या कचेरीत विचारलं तर मुलीला पुढे करायचे. पहिलं अक्षर जिभेवर येऊन अडलं. मुल्लासाहेब घाई न करता थांबले.

"सदानंद बाजीराव घार्गे," मी म्हणाले.

त्यांनी लिहिलं. "राहणार?"

"सध्या माझ्याच पत्त्यावर."